चौथ्या खांबाचा पाया

१

डॉक्टरीणबाईंच्या मागच्या अंगणातलं छप्पर मंगळवारी दुपारी सव्वातीनला कोसळलं आणि दिवेलागणीपर्यंत गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला. धाकली मिस्त्री. दुसरं कोण असणार? छप्पर तिनेच बांधलेलं. वाऱ्याचा एक झोत आला, चार खांबांपैकी चौथा मुळासकट उपटून आडवा झाला आणि त्याच्या बुडाशी काँक्रीटचा पाया निघाला जेमतेम दीड फुटाचा. मंजूर नकाशावर साडेतीन फूट लिहिलेले. डॉक्टरीणबाई त्या वेळी छपराखालच्या लाकडी ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांचं डावं मनगट मोडलं. तुळई वीतभर अलीकडे पडली असती तर मनगटावर निभावलं नसतं.

बुधवारी सकाळी धाकली मिस्त्री ढेकूळबाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

ढेकूळबाई हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकतीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यावर, आणि कुणाच्याही अंगणात गेल्यावर चहाआधी मातीचं ढेकूळ पर्समध्ये टाकायची सवय लागल्यावर, गावाने ते बहाल केलं होतं. बाईंना ते आवडायचं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शालीपेक्षा जास्तच.

"मावशी, शुक्रवारी अकराला बांधकाम समितीची बैठक आहे," धाकली म्हणाली. "परवाना काढून घेणार आहेत. तो बाबांच्या नावाचा परवाना आहे. त्यांनी चाळीस वर्षं या गावात खांब पुरले. कुंपणं, ओटे, छपरं. एक हललेला दाखवा. आणि काल दुकानात माझ्या तोंडावर एकजण म्हणाला, बापही असाच खोदत असेल."

"तू किती खोदलं होतंस?"

"साडेतीन फूट. चारही खड्डे. खाली घंटेसारखे रुंद, वर निमुळते. बाबांची पद्धत. आपल्या मातीत याहून वेगळं कोण करेल?"

ढेकूळबाईंना हे पटण्यासारखं होतं. गावची माती काळीभोर आणि विलक्षण चिकट. पावसाळ्यात पाणी पिऊन टम्म फुगायची, उन्हाळ्यात सुकून अशी भेगाळायची की बोटं आत जावीत. वरचे दोन-अडीच फूट वर्षभर वरखाली होत राहायचे. त्याखालची माती तेवढी स्थिर. म्हणून इथला खांब खोल जायचा आणि खाली पाय पसरून बसायचा.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "डॉक्टरीण माझी चाळीस वर्षांची मैत्रीण आहे. तू खोटं बोलत असलीस तर शुक्रवारी तुझ्याविरुद्ध सगळ्यात आधी मीच उभी राहीन. चालेल?"

"चालेल," धाकली म्हणाली. एक क्षणही न घेता.

बाईंनी चपला घातल्या.

२

अंगणात पत्र्यांचा आणि वाशांचा ढीग पडला होता. तीन खांब ओळंब्यात उभे होते. बाईंनी प्रत्येकाला खांदा लावून ढकलून पाहिलं. एकही हूं की चूं करेना. चौथा मात्र गवतावर आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाचा पाया भूछत्रासारखा होता, वर पसरट आणि खाली बारीक.

"हात लावू नका!" मागून आवाज आला. "तो पुरावा आहे."

डॉक्टरीणबाईंचा भाचा होता. शहरातल्या कारखान्यात पर्यवेक्षक. दर रविवारी आत्याला भेटायला यायचा आणि दर रविवारी एकच पालुपद लावायचा, की आता हे घर पुरे, माझ्याकडे राहायला चल. काल बातमी कळताच तो धावत आला होता आणि आल्या आल्या त्याने आत्याची बॅग भरायला घेतली होती.

"पुराव्याला डोळे लावले तर चालतील ना?" बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसल्या.

"बघा की. आंधळ्यालाही दिसेल. दोन फूट खोदायचे वाचवले त्या बाईने. शेजारचे कप्तान आधी पोचले म्हणून बरं, त्यांनी आत्याला उचलून आत नेलं. आता मी तिला इथे एक दिवस ठेवणार नाही."

बाईंचं लक्ष त्याच्या बोलण्यात नव्हतं. पायाच्या एका कडेला काँक्रीटचा एक पातळ पापुद्रा बाहेर आला होता. बोटभर जाड, हातभर लांब आणि नागमोडी. असा पापुद्रा कुणी मुद्दाम घडवत नाही. ओलं काँक्रीट खड्ड्यात ओतताना बाजूच्या मातीला भेग असेल तरच ते त्या भेगेत शिरतं आणि तिथेच सुकतं. आणि या गावच्या मातीला भेगा पडतात फक्त उन्हाळ्यात.

धाकलीने छप्पर बांधलं होतं दोन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात. ढेकूळबाईंना ते पक्कं आठवत होतं, कारण कामावर ताडपत्री धरायला त्या स्वतः आल्या होत्या. त्या दिवसांत मातीत सुई जाईल एवढीही भेग नव्हती.

बाईंनी टेप काढली. पहिल्या-दुसऱ्या खांबांत अंतर आठ फूट. तिसरा खांब आणि चौथ्याचा खड्डा यांत आठ फूट नऊ इंच. त्यांनी भाच्याकडून पहार मागून घेतली, चौथ्या खड्ड्यापासून नऊ इंच आत जागा धरली आणि जोर लावून रोवली. ओल्या मातीत ती सरसर शिरली. फूटभर गेली आणि टण्‌ आवाज झाला.

माती बाजूला सारल्यावर वरून कापलेला एक जुना खांब दिसला, काँक्रीटच्या गळपट्ट्यासह. बाजूने पहार साडेतीन फुटांपर्यंत गेली, आणि खाली तो पाया चांगला घंटेसारखा पसरलेला लागला.

"हे काय आहे?" भाच्याने विचारलं.

"मिस्त्रीचा खरा पाया," बाई म्हणाल्या. "जो पडला तो भलत्याच कुणीतरी घातलाय."

३

भाचा काही ऐकेना. "मग तिनेच नंतर येऊन सरकवला असेल!" समितीही हेच म्हणणार, हे बाईंना कळत होतं. नुसतं मिस्त्रीने नाही म्हणून भागणार नव्हतं. कुणी, ते सांगावं लागणार होतं.

छप्पर बांधल्यापासून डॉक्टरीणबाईंच्या आवारात खोदकाम केलेला एकच माणूस होता, नळवाला. त्याने गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवी पाण्याची लाइन टाकली होती. बाईंनी त्याला दुपारी त्याच्या घराच्या फाटकावरच गाठलं.

"आलात?" तो म्हणाला. "मी वाटच बघत होतो. गावात कुणाच्या भिंतीला तडा गेला तरी आधी माझं नाव निघतं. लाइन मी पुढच्या बाजूने टाकली मावशी, रस्त्याकडून. मागे माझं काय काम?"

"पाइप मध्ये आला म्हणून खांब सरकवला नाहीस?"

"मागे पाइपच नाही तर मध्ये कोण येणार?" त्याने स्वतःच्या फाटकाच्या खांबावर थाप मारली. "आणि मी पुरला असता तर असा पुरला असता. हा बघा, बारा वर्षं झाली. खाली एवढा रुंद आहे. दीड फुटावर थांबलो असतो तर माझ्या वडिलांनी पहारच माझ्या डोक्यात घातली असती."

बाईंनी फाटक हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. नळवाल्याच्या जिभेला हाड नसलं तरी हाताला होतं, एवढं त्यांना मानावंच लागलं.

"किती दिवस होतास तिकडे?"

"पाच. म्हणजे सलग नाही. मध्ये दोन दिवस डॉक्टरीणबाईंनी येऊ नको म्हणून सांगितलं. पाहुणे यायचे होते म्हणे, आवाज नको."

"पाहुणे? कुठले?"

"ते मी कसं विचारणार?"

ढेकूळबाई परतताना नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. चाळीस वर्षांत डॉक्टरीणबाईंकडे त्यांना न कळता एकही पाहुणा आला नव्हता. आला असता तर त्याच्यासाठी गादी ढेकूळबाईंच्याच घरून गेली असती.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना चालता चालता उमगली, जी त्यांना अजिबात उमगायला नको होती. खांब बदलायचा तर आधी छपराला टेकू द्यावा लागतो, जुना खांब कापावा लागतो, काँक्रीट ओतून ते सुकू द्यावं लागतं. रोगीही घरीच तपासणाऱ्या, घरातून कधी बाहेर न पडणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत हे सगळं तिच्या नकळत होऊच शकत नाही.

४

डॉक्टरीणबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये, मांडीवर वर्तमानपत्र.

"ये गं," त्या म्हणाल्या. "भाच्याने तुला पुराव्याला हात लावू दिला का?"

"पहारसुद्धा दिली. शहाणा मुलगा आहे." ढेकूळबाई खुर्ची ओढून बसल्या. "चौथा खांब कुणी हलवला?"

"कुणी नाही. मला काही माहीत नाही."

"गेल्या वर्षी उन्हाळ्यात कोण पाहुणे आले होते?"

डॉक्टरीणबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. एका हाताने घडी नीट बसेना. "आले होते कुणीतरी. तू तेव्हा गावाला गेली होतीस."

ढेकूळबाई त्या उन्हाळ्यात कुठेही गेल्या नव्हत्या, आणि हे दोघींनाही माहीत होतं. त्यांनी मान वळवली. खोलीतून मागच्या ओट्याकडे उघडणाऱ्या दाराचा उंबरा रंध्याने तासून जमिनीला सपाट केलेला होता. ओट्याच्या फळ्यांवर दारापासून निघून दोन बारीक रेघा गेल्या होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, आणि बरोबर चौथ्या खांबाच्या जुन्या जागेपाशी वळून बागेकडे उतरल्या होत्या.

"शुक्रवारी धाकलीचा परवाना जाणार," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे गं. वर्षभराने परत मिळतो. तोवर मी तिला कामं मिळवून देईन. माझे इतके पेशंट आहेत, कुणाला ना कुणाला कुंपण लागतंच."

ज्याचा काही दोष नाही तो भरपाई द्यायला निघत नाही, हे डॉक्टरीणबाईंच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

ढेकूळबाईंना राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. ही बाई रोग्याला तोंडावर खरं सांगायची म्हणून अर्धं गाव तिला घाबरायचं आणि उरलेलं अर्धं तिच्यावर जीव टाकायचं. आणि आज ती आपल्याशी, आपल्याशी, खोटं बोलत होती.

"मी शोधून काढणार," त्या उठत म्हणाल्या. "तुला आवडो न आवडो."

"मला ठाऊक आहे," डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या. "म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं."

५

गुरुवारी सकाळी कप्तान आपलं कुंपण सरळ करत होते. हे ते दरवर्षी करायचे. सगळं आयुष्य बोटीवर काढून ते सहा वर्षांपूर्वी इथे येऊन राहिले, आणि तेव्हापासून त्यांचं कुंपण किडक्या दातांसारखं वेडंवाकडं उभं होतं. दोष ते लाकडाला देत.

"लाकूड चांगलं आहे तुमचं," ढेकूळबाई म्हणाल्या. "पाया कसा घालता, ते सांगा."

कप्तानांचा चेहरा उजळला. कुणी विचारलं की त्यांना राहवत नसे. "आमच्या किनाऱ्यावर लहानपणापासून घालत आलोय. वर टोपी रुंद ठेवायची, भूछत्रासारखी. वाळूत ती टोपीच खांबाला धरून ठेवते. वादळात घरं गेली, आमची कुंपणं नाही गेली."

"वाळूत," बाई म्हणाल्या. "आमची माती फुगते, कप्तान. पावसाळ्यात ती त्याच टोपीखाली शिरते आणि खांबाला उचलते. उन्हाळ्यात खाली बसते, पण खांब पूर्ण खाली येत नाही. दरवर्षी थोडा थोडा वर. मग एके दिवशी वारा येतो."

कप्तानांच्या हातातली पहार खाली टेकली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि बाईंना कळलं की आपलाच पाया चुकला हे त्यांना मंगळवारपासूनच आतून जाणवत होतं, फक्त का चुकला, ते आता उमगलं.

"तुमच्या शेडमध्ये बघू का?" बाईंनी विचारलं.

"नको."

बाई गेल्याच. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी ताडपत्री ओढली. डाव्या बाजूचा हात वाकलेली चाकांची खुर्ची होती.

"तुम्ही आधी पोचलात," ढेकूळबाई हळूच म्हणाल्या. "तिला पलंगावर नेलंत आणि भाचा यायच्या आत खुर्ची इथे आणलीत. उंबराही तुम्हीच तासलात. दारातून बाहेर आल्यावर खुर्ची वळायला चौथा खांब आडवा येत होता, म्हणून तोही नऊ इंच सरकवलात. दोन दिवस नळवाल्याला बंदी. बरोबर?"

कप्तान उलट्या घमेल्यावर बसले. "पाय जाताहेत तिचे. तिने स्वतःच ओळखलं. म्हणाली, दोन वर्षांत उभं राहता येणार नाही. भाच्याला कळलं तर तो एक दिवस इथे ठेवणार नाही. तिला मरायचं आहे ते याच घरात, बागेत डोळे लावून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी तिला शब्द दिलाय."

"धाकलीला का नाही बोलावलं?"

"ती विचारणार, कशाला सरकवायचा. गावात बातमी फुटली असती."

"आणि आता तिची भाकरी जातेय, ती?"

म्हातारा रडत होता, ते लपवायलाही विसरला होता.

त्या संध्याकाळी ढेकूळबाई मैत्रिणीकडे पुन्हा गेल्या, पण बसल्या नाहीत. "उद्या मी तो पाया घेऊन समितीपुढे जाणार," त्या म्हणाल्या. "तो उन्हाळ्यात घातला आणि मिस्त्रीने घातला नाही, एवढं सिद्ध करणार. खुर्चीबद्दल माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. पण कुणी घातला असं त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

६

शुक्रवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत लांब टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तो पाया ठेवला होता. ढेकूळबाईंनी पापुद्रा दाखवला, भेगांचं गणित समजावलं, नऊ इंचांचं माप दिलं. जुन्या घंटेसारख्या पायाचे फोटो फिरवले. अध्यक्ष चष्मा पुसत ऐकत होते. धाकली मिस्त्री भिंतीला टेकून उभी होती, हाताच्या मुठी वळलेल्या.

"पण तो तिनेच नंतर घातला नाही कशावरून?" भाचा उठून म्हणाला.

"या गावातला कुणीही असा घालणार नाही म्हणून. ही टोपी वाळूतली आहे."

"मग कुणी घातला? नाव घ्या!"

अध्यक्षांनीही बाईंकडे पाहिलं. बाईंनी श्वास घेतला. त्यांना आयुष्यात इतकं जड काही उचलावं लागलं नव्हतं.

"थांब गं," दारातून आवाज आला. "ते माझं काम आहे."

डॉक्टरीणबाई चाकांच्या खुर्चीत होत्या. खुर्चीचा डावा हात अजून वाकलेलाच होता. मागे कप्तान उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, फाशीला निघाल्यासारखे.

"खांब मी सरकवून घेतला," त्या म्हणाल्या. "यांच्या हातून. या खुर्चीसाठी. मिस्त्रीचं काम चोख होतं, मी ते मोडलं, आणि तीन दिवस तिची बदनामी होऊ दिली. हे आधी लिहून घ्या. माझं वय, दुखणं वगैरे नंतर लिहा."

भाचा खुर्चीकडे बघत होता. "आत्या, हे कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि मी दर रविवारी येतो..."

"येतोस आणि बॅग भर म्हणतोस. कसं सांगणार होते?"

अध्यक्षांनी परवान्याच्या फायलीवर दोन ओळी लिहून सही केली आणि फाइल बंद केली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची धाकलीच्या पुढ्यात आणवली. "माफी मागते, बाळा."

धाकलीने लगेच मान हलवली नाही. "तीन दिवस लोक माझ्या बाबांना चोर म्हणत होते," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तिने तो थरथरू दिला. "ते तुमच्याकडे औषधाला यायचे. तुमच्यावर त्यांचा विश्वास होता."

"म्हणून तर मागतेय."

धाकलीने खिशातून टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि खुर्ची मोजली. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, मग पुढून मागे. कानामागे लावलेली पेन्सिल काढून तळहातावर आकडे लिहिले.

"वळायला पाच फूट मोकळे लागतील," ती म्हणाली. "चौथा खांब आता बागेच्या कडेला जाईल, तुळई लांब घेईन. ओट्याला उतार करेन, कठडा घालेन. पण यापुढे काहीही बदलायचं तर आधी मला विचारायचं."

"ती आता माझ्याकडे..." भाचा बोलायला लागला आणि थांबला. आत्या त्याच्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. फक्त वाट बघणं होतं.

धाकली उठली आणि कप्तानांकडे वळली. "खड्डा तुम्ही खोदणार आहात, काका. साडेतीन फूट. खाली रुंद, वर निमुळता. मी काठीने मोजून घेणार."

"खोदतो," कप्तान म्हणाले.

"एकट्याच्याने उरकायचं नाही. माती चिकट आहे."

भाच्याने सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं. ती कोपरापर्यंत दुमडली, मग दुसरीही दुमडली.

"दुसरी पहार आहे का कुणाकडे?" त्याने विचारलं.